'बोर्ड'चे वीस अर्थ पाठ कसे करायचे?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं आहे आणि नुकतीच त्यांना पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली आहे. पहिल्याच महिन्यात त्यांना तीन मेल आले. पहिल्यात होतं 'वेलकम ऑन बोर्ड'. दुसऱ्यात, 'वुई हॅव टेकन युवर सजेशन ऑन बोर्ड'. तिसऱ्यात, 'द बोर्ड हॅज अप्रूव्ह्ड ॲन अक्रॉस-द-बोर्ड इन्क्रीज'. त्यांनी शब्दकोश उघडला तर 'बोर्ड'खाली अर्थांची रांगच लागलेली. त्या लिहितात, "आम्हाला बोर्ड म्हणजे दहावी-बारावीचं बोर्ड, नाहीतर वर्गातला फळा. हे वीस अर्थ पाठ कसे करायचे?"

ताई, पाठ करू नका. तीस वर्षं इंग्रजी शिकवताना अर्थांच्या याद्या पाठ केलेली मुलं मी पुष्कळ पाहिली. परीक्षेत त्यांना मार्क मिळतात, पण समोरचा माणूस बोलायला लागला की यादीतला नेमका कुठला अर्थ उचलायचा ते सुचत नाही. हे वीस अर्थ सुटे नाहीतच. एकच लाकडी फळी आहे. ती कधी जेवणघरात गेली, कधी सभेत, कधी भिंतीवर. जहाजावरच्या 'बोर्ड'ची गोष्ट जराशी वेगळी आहे, ती पुढे सांगते.

जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे फळी. आता आपल्याच 'फळी'कडे बघा. कपाटातली फळी आपण म्हणतो आणि क्रिकेटच्या बातमीत "मधली फळी कोसळली" असंही वाचतो. तिथे कुणाच्या डोळ्यांपुढे लाकूड येत नाही. वर्गातला फळा आणि चौकातला फलक हेही त्याच गोतावळ्यातले. 'पाटी'चं तर विचारूच नका: लिहायची पाटी, दारावरची पाटी, डोक्यावर घ्यायची मातीची पाटी. हे सगळं आपण यादी करून शिकलो नाही. वस्तू माहीत होती आणि तिच्याभोवतीचं जगणं माहीत होतं, म्हणून अर्थ आपोआप सुटत गेले. इंग्रजीत आपल्याला शब्द मिळतो, पण त्यामागचं घर दिसत नाही. ते एकदा बघून घेतलं की निम्मं काम होतं.

म्हणून आधी जेवणघरात जाऊ. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आजच्यासारखं चार पायांचं कायमचं टेबल घरोघर नव्हतं. जेवायच्या वेळी लाकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकायच्या, जेवण झालं की उचलून भिंतीला लावायच्या. त्यामुळे 'बोर्ड' म्हणजे जेवणाचं टेबल झालं आणि टेबलावरून अर्थ सरकला थेट जेवणावर. आपल्याकडे हुबेहूब असंच घडलंय. "पाटपाणी घ्या" म्हटलं की कुणी नुसता लाकडी पाट आणि तांब्या मांडत नाही, जेवणाची तयारी करतात. 'पाट' म्हणजे जेवण हे ज्याला कळतं त्याला 'बोर्ड' म्हणजे जेवण हे सांगावं लागू नये.

'बोर्ड अँड लॉजिंग' यातला 'बोर्ड' म्हणजे जेवण आणि 'लॉजिंग' म्हणजे राहणं. अमेरिकेत 'रूम अँड बोर्ड' म्हणतात. तिकडच्या विद्यापीठांच्या खर्चाच्या तक्त्यात हा शब्द हमखास असतो. एका पालकांनी तो वाचून "हे परीक्षा बोर्डाचे पैसे का?" असं मला विचारलं होतं. ते मेसचे पैसे. हॉटेलात 'फुल बोर्ड' म्हणजे खोली आणि तिन्ही वेळचं जेवण. 'हाफ बोर्ड' म्हणजे खोली, सकाळची न्याहारी आणि आणखी एक जेवण, बहुतेक वेळा रात्रीचं. माझा एक विद्यार्थी गोव्यात कळंगुटच्या एका हॉटेलात स्वागतकक्षात कामाला लागला. पहिल्याच आठवड्यात एका ब्रिटिश जोडप्याने विचारलं, "आर वुई ऑन हाफ बोर्ड?" त्याने सभ्यपणे त्यांना सूचनाफलकाकडे नेलं. इंग्रजी त्याला येत होतं, व्याकरण चोख होतं, फक्त ही एक फळी त्याला जेवणघरात कधी दिसलीच नव्हती. त्या दिवशी रात्री त्याचा फोन आला आणि तेव्हापासून हा शब्द मी प्रत्येक तुकडीला शिकवते.

खरं तर हा अर्थ महाराष्ट्राला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. लोकांच्या तोंडी ती 'बोर्डिंग' म्हणूनच राहिली: मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असं नामकरण झालं. तिथल्या मुलांच्या पोटात अन्न जावं म्हणून कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. 'बोर्डिंग' या शब्दात जेवण आहे हे त्या माउलीइतकं कुणाला कळलं असेल? आपण मात्र आज 'बोर्डिंग' म्हणजे नुसतं राहणं समजतो आणि विमानतळावर तोच शब्द ऐकला की गोंधळतो.

बोर्डिंगात राहणारा तो 'बोर्डर'. सीमेच्या 'बॉर्डर'चं स्पेलिंग वेगळं, पण ब्रिटिश उच्चारात दोन्ही शब्द कानाला एकच लागतात. संदर्भ बघायचा, एवढंच.

आता त्याच टेबलावरची ताटं उचला आणि कागद मांडा. टेबलाभोवती बसून निर्णय घेणारी माणसं म्हणजेही 'बोर्ड'. घरच्या धन्याला पाठ असलेली खुर्ची आणि बाकीच्यांना बाकं, अशी बैठक तिकडे रूढ होती. सभेतही खुर्चीवर बसणारा मुख्य, म्हणून तो 'चेअरमन'. साखर कारखान्याच्या नाहीतर सोसायटीच्या चेअरमनची निवडणूक आपल्या गावात किती रंगते! तो शब्द खुर्चीवरूनच आलाय. 'बोर्ड ऑफ डायरेक्टर्स' म्हणजे संचालक मंडळ. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवायला ब्रिटिश सरकारने 1784 च्या कायद्याने 'बोर्ड ऑफ कंट्रोल' नेमलं होतं. 1928 मध्ये भारतीय क्रिकेटची संस्था स्थापन झाली तिच्या नावातही 'बोर्ड ऑफ कंट्रोल' हेच शब्द आहेत. वर्तमानपत्रं त्याचं 'नियामक मंडळ' करतात, ते अगदी नेमकं आहे. जुनी माणसं "मी लोकल बोर्डाच्या शाळेत शिकलो" म्हणायची, तेव्हा त्यांना जिल्ह्याचा कारभार पाहणारं मंडळ अभिप्रेत असायचं. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि तो शब्द मागे पडला.

दहावी-बारावीचं बोर्डही याच घरातलं. आपलं राज्य मंडळ पुण्यात आहे आणि त्याची नऊ विभागीय मंडळं आहेत. ते मंडळ परीक्षा घेतं म्हणून ती बोर्डाची परीक्षा. पुढे आपण परीक्षेलाच बोर्ड म्हणायला लागलो: "यंदा मुलाचं बोर्ड आहे." भारतात हे चालतं. परदेशात कुणाला 'आय गेव्ह माय बोर्ड्स' असं सांगाल तर समोरचा बुचकळ्यात पडेल. अमेरिकेत 'बोर्ड्स' म्हटलं की अनेकांच्या मनात डॉक्टरांच्या परीक्षा येतात आणि 'बोर्ड-सर्टिफाइड' म्हणजे आपल्या शाखेत मान्यता मिळवलेला डॉक्टर. तिकडच्या अर्जात मंडळाचं पूर्ण नाव लिहा आणि पुढे 'दहावीच्या अखेरची राज्यस्तरीय परीक्षा' असा साधा खुलासा इंग्रजीत द्या. तसंच, "तो बोर्डात आला" या वाक्याला आपल्याकडे केवढं वजन होतं! पेढे, हार, पेपरात फोटो. गुणवत्ता यादीची ती रीत गेली, शब्दप्रयोग राहिला. पण त्याचं शब्दशः इंग्रजी कराल तर काहीही अर्थ निघत नाही.

इथे थोडी थांबते, कारण उलट्या दिशेची चूक मला जास्त दिसते. 'बोर्ड' म्हणजे मंडळ हे कळलं की मुलं प्रत्येक मंडळाला 'बोर्ड' करून टाकतात. मराठी 'मंडळ' फार मोठं आहे. त्याच्या मुळाशी वर्तुळ आहे. इंग्रजांची सभा टेबलाभोवती बसली, आपली गोल करून बसली. म्हणून आपल्या मंडळात गणेशोत्सव मंडळ येतं, भजनी मंडळ येतं, महिला मंडळ येतं. यातलं एकही 'बोर्ड' नाही. मंत्रिमंडळ म्हणजे 'कॅबिनेट'. शिष्टमंडळ म्हणजे 'डेलिगेशन'. एसटी महामंडळातलं महामंडळ म्हणजे 'कॉर्पोरेशन'. महसूल खात्यातलं मंडळ म्हणजे 'सर्कल', आणि खेड्यात मंडळ अधिकाऱ्याला आजही 'सर्कल' म्हणूनच हाक मारतात. तिथे भाषांतर अगदी वर्तुळाला वर्तुळ असं जुळलंय. गणेश मंडळाचं कार्यकर्तेपण बायोडेटात लिहायचं असेल तर 'मंडळ' हाच शब्द ठेवा आणि ते काय काम करतं ते एका वाक्यात सांगा. 'गणेश बोर्ड' लिहू नका.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. बसायच्या वस्तूवरून सत्तेचं नाव ही खोड सगळ्या भाषांना आहे. न्यायाधीश बसतात ते बाक म्हणून 'बेंच', आणि आपण त्याला म्हणतो खंडपीठ, त्यातलं 'पीठ' म्हणजेही आसनच. राजकारणात आपण खुर्चीसाठी भांडतो, मठात गादी चालवतो. तेव्हा टेबलाचं मंडळ झालं यात नवल वाटायला नको.

आता जहाज. तुमच्या तीनपैकी दोन मेल इथूनच आलेत. जहाजाची बाजू, कड, तिलाही 'बोर्ड' म्हणत. कोशकारांच्या मते हा मुळात वेगळा शब्द होता, पण जुन्या काळीच फळीच्या 'बोर्ड'मध्ये मिसळून गेला. सीमेच्या 'बॉर्डर'चं नातंही या कडेशीच आहे, फ्रेंचमार्गे. शिकणाऱ्याने एवढं धरावं: जहाजाची कड ओलांडून आत गेलात की तुम्ही 'ऑन बोर्ड'. कडेवरून पाण्यात पडलात की 'ओव्हरबोर्ड'. जहाजाच्या उजव्या बाजूला 'स्टारबोर्ड' म्हणतात, त्यात तारा कुठेही नाही. पूर्वी सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला असे, म्हणून ती सुकाणूची बाजू. डाव्या बाजूचं नाव होतं 'लारबोर्ड'. वादळात ओरडून सांगताना दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत, म्हणून ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये हुकूम काढून 'लारबोर्ड' बंद केलं आणि 'पोर्ट' आणलं. ऐकण्यात गोंधळ होतो तो फक्त शिकणाऱ्यांचाच, असं कुणी समजू नये.

जहाजावरून शब्द आगगाडीत, बसमध्ये, विमानात आला. म्हणून 'बोर्डिंग पास', म्हणून 'बोर्ड द बस'. आणि मग ऑफिसात आला. कंपनी म्हणजे जहाज, नवा माणूस म्हणजे नवा खलाशी, म्हणून 'वेलकम ऑन बोर्ड'. नव्या माणसाला कागदपत्रं, लॅपटॉप, ओळखपत्र देऊन कामाला लावतात त्याला 'ऑनबोर्डिंग' म्हणतात. एखाद्याला आपल्या बाजूला वळवायचं असेल तर 'ब्रिंग हिम ऑन बोर्ड'. आणि 'टेक ऑन बोर्ड' म्हणजे सूचना जहाजात चढवून घेणं, तिची दखल घेणं. हा ब्रिटिश वळणाचा प्रयोग आहे. त्यात एक बारीक मेख आहे: दखल घेतली म्हणजे मान्य केलं असं नाही. "तुमचं म्हणणं लक्षात घेतलं आहे" हे सरकारी पत्रातलं वाक्य आठवा, तितकाच त्याचा अर्थ. 'गो बाय द बोर्ड'ही जहाजावरचंच. डोलकाठी मोडून कडेवरून समुद्रात जायची, ती गेलीच. आपण म्हणतो ना, "सगळी मेहनत पाण्यात गेली", त्याच्या अगदी जवळचं.

भिंतीवरचे बोर्ड तुम्हाला येतात, त्यावर फार वेळ घालवत नाही. फक्त मराठीतला 'बोर्ड' आपण आपल्या सोयीने वाढवला आहे हे विसरू नका. दुकानाचा बोर्ड इंग्रजीत 'साइन'. एसटीवर "कुठला बोर्ड आहे?" असं आपण विचारतो, तो 'डेस्टिनेशन साइन'. घरातला लाइटचा बोर्ड म्हणजे आपल्याकडचा 'स्विचबोर्ड', पण इंग्लंड-अमेरिकेत तो शब्द ऐकून अनेकांना टेलिफोन जोडून देणारं यंत्र आठवतं. आणि परीक्षेला नेतो ते 'पॅड', त्याला तिकडे 'क्लिपबोर्ड' म्हणतात. जिथे आपण 'बोर्ड' म्हणत नाही नेमका तिथे त्यांचा बोर्ड आहे. 'कबर्ड'मध्येही तो लपलाय. मुळात पेले मांडून ठेवायची फळी, पुढे तिचं कपाट झालं. मधला 'प' लिहायचा, उच्चारायचा नाही.

टेबलाच्या आणखी एका प्रयोगावर मात्र थांबते, कारण तो मराठी माणसाला क्षणात कळतो. 'अबव्ह बोर्ड' म्हणजे व्यवहार स्वच्छ, उघड. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर दिसले पाहिजेत, खाली गेले की लबाडी. आपण लाच दिली याला "टेबलाखालून दिले" म्हणतो. त्याचीच ही दुसरी बाजू. 'अक्रॉस द बोर्ड'चा मूळ पत्ता अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीत आहे. एकाच घोड्यावर पहिला, दुसरा, तिसरा अशा तिन्ही जागांसाठी सारखी रक्कम लावायची. त्यावरून अर्थ आला: सगळ्यांना सारखं. याला मराठीत एकच अस्सल शब्द आहे, 'सरसकट'. सरसकट कर्जमाफी म्हणतो तोच. कोशात 'सर्व स्तरांवर व्यापक प्रमाणात' वगैरे दिसलं तर खोडून 'सरसकट' लिहा.

मग वाक्यात कुठला 'बोर्ड' आहे हे ओळखायचं कसं? शेजार बघून. इंग्रजी नाम आपला अर्थ शेजाऱ्याच्या खिशात ठेवतं. 'ऑन बोर्ड', मध्ये काहीच नाही, तर वाहन किंवा सहभाग. 'ऑन द बोर्ड', मध्ये 'द' आला, तर फळा, सोंगट्यांचा पट, धावफलक किंवा संचालक मंडळ. समालोचक 'रन्स ऑन द बोर्ड' म्हणतो तो धावफलक. 'सिट ऑन द बोर्ड' किंवा 'सर्व्ह ऑन द बोर्ड' असेल तर मंडळाचा सदस्य. 'अप्रूव्ह', 'डिसाइड', 'अपॉइंट' ही क्रियापदं पुढे दिसली की 'बोर्ड' म्हणजे माणसंच, कारण फळी काही मंजूर करत नाही. 'फुल', 'हाफ', 'रूम', 'लॉजिंग', 'बेड' यांच्या संगतीत दिसला की जेवण. मराठीत 'द' नाही, त्यामुळे आपल्या कानाला तो असला काय, नसला काय सारखाच. या एका शब्दापुरती तरी कानाला सवय लावा.

एका शब्दाची वही करायची माझी पद्धत सांगते. पानावर मधोमध फळीचं चित्र काढा. चारी कोपऱ्यांत चार जागा: टेबल, सभा, जहाज, भिंत. वाचताना, बातम्या ऐकताना 'बोर्ड' भेटला की ते अख्खं वाक्य त्या त्या कोपऱ्यात लिहा, मराठी अर्थ लिहू नका. महिनाभरात तुमच्या कामाच्या क्षेत्रातले कोपरे आपोआप भरतात. हॉटेलवाल्याचा टेबलाचा कोपरा भरतो, हिशेबनीसाचा सभेचा. जो कोपरा रिकामा राहील त्याची आत्ता घाई नको. हीच वही पुढे 'केस', 'चार्ज', 'नोट' या शब्दांसाठी वापरता येते, फक्त मधलं चित्र बदलायचं.

स्पेलिंगबद्दल एक सावधगिरीची सूचना. 'अबोर्ड' म्हणजे जहाजात, विमानात बसलेला आणि 'अब्रॉड' म्हणजे परदेशात. इंग्रजीत दोघांत फक्त 'आर' या अक्षराची जागा बदलते. परदेशी शिक्षणाच्या अर्जात "मला अबोर्ड शिकायचं आहे" असं लिहिलेलं मी इतक्या वेळा सुधारलंय की आता अर्ज हातात आला की आधी तोच शब्द शोधते. संगणकाचा शब्दतपासनीस ही चूक पकडेलच असं नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. 'बोर्ड' आणि 'ब्रॉड' यांचंही तेच. आणि 'कंटाळलेला' या अर्थाचा 'बोअर्ड' इंग्रजांच्या कानाला 'बोर्ड'सारखाच ऐकू येतो. बोलताना कुणी "आय ॲम बोर्ड" म्हटलं तर तो फळी झालेला नाही, कंटाळला आहे.

आता तुमचे तीन मेल. पहिल्यात कंपनी तुमचं स्वागत करते आहे. उत्तरात 'थँक यू, आय ॲम ग्लॅड टु बी ऑन बोर्ड' एवढं पुरे, आणि 'द' घालू नका, नाहीतर तुम्ही थेट संचालक मंडळावर जाल. दुसऱ्यात तुमची सूचना त्यांनी लक्षात घेतली आहे, मान्य केली की नाही ते अजून सांगितलेलं नाही. आठ-दहा दिवसांनी तोंडी विचारायला हरकत नाही. तिसऱ्यात एकाच वाक्यात दोन बोर्ड आहेत. पहिला 'बोर्ड' माणसांचा, कारण पुढे 'अप्रूव्ह्ड' आहे. दुसरा 'सरसकट'वाला. म्हणजे संचालक मंडळाने सगळ्यांना सरसकट पगारवाढ मंजूर केली आहे. मात्र ती नव्याने रुजू झालेल्यांना लागू आहे का, हे 'बोर्ड' या शब्दावरून कळणार नाही. मेलच्या खालच्या ओळीत तारीख दिली असेल, ती बघा.